४६ क्लास आणि १:३३ ची चढण: ब्लू माउंटन्सचा विजेरी जमाना ओपन रेल्समध्ये असा उभा करा

सिम्युलेटरमध्ये जुनं ऑस्ट्रेलियन विजेचं इंजिन आणायचं ठरलं की बहुतेक जण थेट ब्लेंडर हा त्रिमितीय मॉडेलचा प्रोग्राम उघडून त्याचा चेहरा घडवायला बसतात. इंजिन दिसतं देखणं, पण रुळावर आलं की आजकालच्या इंजिनासारखं सुसाट सुटतं आणि सगळी मजा तिथेच संपते. जुन्या डीसी इंजिनाचा स्वभाव चढणीवर कळतो. नॉच (शक्तीच्या दांड्याची एकेक पायरी) घेतला की बसणारा हिसका, अँपिअरच्या काट्याकडे बघत पुढचा नॉच घ्यायचा की थांबायचं हा निर्णय, ओल्या रुळावर फिरणारी चाकं, हे सगळं आकड्यांतून येतं आणि ते आकडे तपासायला खरा घाट लागतो. म्हणून इंजिन आणि मार्ग वेगवेगळे न करता एकत्रच बांधा.

इथे घेतलेलं इंजिन आहे न्यू साउथ वेल्स गव्हर्नमेंट रेल्वेजचं ४६ क्लास आणि घाट आहे सिडनीच्या पश्चिमेचा ब्लू माउंटन्स. ट्रेन्झ हा सिम्युलेटर मुळात ब्रिस्बेनच्या ऑरन कंपनीचा, त्यामुळे त्यात ऑस्ट्रेलियन गाड्या मुबलक आहेत. तरी हे काम ओपन रेल्समध्ये करावं. हा सिम्युलेटर फुकट आहे, एमएसटीएसच्या (मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या) दिवसांपासून त्याच्या फाइली आपल्याकडच्या अनेकांच्या हाताखालून गेल्या आहेत आणि ओढ, घर्षण, ब्रेक यांचे बारकावे त्यात साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येतात.

आणखी एक कारण आपल्या जवळचं आहे. मुंबईची मध्य रेल्वे २०१५-१६ पर्यंत ज्या १,५०० व्होल्ट डीसीवर चालायची, तीच पद्धत सिडनीची. कसारा आणि बोरघाटातल्या ‘खेकड्या’ची (जुन्या डब्ल्यूसीजी-१ विजेच्या इंजिनाची) विद्युत सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची होती आणि ४६ क्लासही त्याच कंपनीने बेयर पीकॉकबरोबर बनवलं. बोरघाटाची चढण १:३७ (३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर), ब्लू माउंटन्सची १:३३. तिथेही मुख्य शहरापासून, म्हणजे सिडनीपासून, दूर जाणारी गाडी ‘डाउन’च म्हणवते, म्हणजे डाउन गाडी डोंगर चढते. आपल्या घाटातली जुनी डीसी इंजिनं पुढे कधी बनवायची असतील तर खालची रीत जशीच्या तशी लागू पडते.

आधी वर्ष ठरवा

४६ क्लासची ४० इंजिनं १९५६ ते १९५८ दरम्यान आली, क्रमांक ४६०१ ते ४६४०. डोंगरातलं विद्युतीकरण १९५७ मध्ये लिथगोच्या पलीकडे बोवनफेल्सपर्यंत पोचलं. ही इंजिनं १९९० च्या दशकापर्यंत धावली. या चाळीस वर्षांत रंग, डबे, सिग्नल, वेगाच्या पाट्या सगळं बदललं. वर्ष न ठरवता काम सुरू केलं की १९५८ चे डबे, १९८५ चा रंग आणि २०१० चा फलाट एकाच चित्रात येतात आणि जाणकाराला ते पहिल्या मिनिटात खटकतं.

पहिल्या प्रयत्नासाठी १९६५ च्या आसपासचा काळ सोयीचा. चाळीसही इंजिनं कामावर, रंग तपकिरी-लाल आणि त्यावर पिवळ्या रेघा, वेगाच्या पाट्या मैलांत. उपनगरापलीकडच्या प्रवाशांसाठी एकमजली यू सेट (विजेच्या गाड्या) १९५८ पासून होते. दुमजली व्ही सेट १९७० मध्ये आले, तेव्हा ते यात नकोत. इंडियन पॅसिफिक (सिडनी-पर्थ गाडी) हवी असेल तर वर्ष १९७० किंवा पुढचं घ्या, कारण ती त्या वर्षी सुरू झाली. लाल-नारिंगी-पिवळा ‘कँडी’ रंग १९८२ नंतरचा. क्रमांकांचंही भान ठेवा. १८ जानेवारी १९७७ ला ग्रॅनव्हिलला जो भीषण अपघात झाला, त्या गाडीला ४६२० होतं. त्यानंतरच्या काळाच्या कुठल्याही गाडीला हा क्रमांक लावू नका.

संदर्भ गोळा करताना तीन गोष्टी हव्यातच: त्या मार्गाची वळणं आणि चढ दाखवणारी आकृती, स्टेशनांचे सिग्नल नकाशे आणि इंजिनाचं मापांसह रेखाचित्र. जुन्या बातम्यांसाठी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हाताशी ठेवा. जुनी हवाई छायाचित्रं न्यू साउथ वेल्सच्या स्पेशियल सर्व्हिसेसने ऑनलाइन खुली केली आहेत. यार्डातल्या साइडिंग कुठे होत्या हे त्यांच्याइतकं स्वच्छ दुसरं काही सांगत नाही. आजच्या उपग्रह चित्रावरून यार्ड आखू नका, निम्म्या साइडिंग आता उखडलेल्या आहेत.

किती लांबीचा मार्ग?

सिडनी सेंट्रल ते लिथगो १५६ किलोमीटर आहे. एवढ्याला हात घालणारे बहुतेक प्रकल्प पॅरामॅटाच्या पुढे जात नाहीत, कारण उपनगरातली चौपदरी लाइन आणि तिथली इमारतींची गर्दी सगळा वेळ खाते. व्हॅली हाइट्स ते कटूम्बा हा सुमारे ३३ किलोमीटरचा तुकडा आधी पुरा करा. व्हॅली हाइट्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटरवर, कटूम्बा १,०१७ मीटरवर. म्हणजे जवळजवळ ७०० मीटरची चढण, सरासरी १:४७, आणि सर्वांत कडक तुकडे १:३३. वाफेच्या काळात मागून रेटा देणारी बँकर इंजिनं व्हॅली हाइट्सलाच जोडत, त्यासाठी १९१४ मध्ये बांधलेलं इंजिनांचं गोल शेड आजही संग्रहालय म्हणून उभं आहे. मार्गाचा आरंभ करायला याहून चांगली जागा नाही.

हा तुकडा जमला की पश्चिमेला माउंट व्हिक्टोरिया आणि पुढे लिथगोपर्यंत जा. १९१० मध्ये झिगझॅगच्या (गाडी पुढे-मागे करत डोंगर उतरवणाऱ्या जुन्या लाइनीच्या) जागी दहा बोगद्यांची नवी लाइन आली आणि सिडनीकडे जाणाऱ्या भरलेल्या गाड्यांसाठी चढ १:९० वर आला. ही विषमता लक्षात घ्या. लिथगोकडचा भरलेला कोळसा १:९० चढून मग १:३३ उतरतो. रिकाम्या वाघिणी उलट दिशेने १:३३ चढतात. मालगाड्यांची रचना करताना हे उलटं झालं तर ४६ क्लासची जोडीही गाडी ओढणार नाही आणि तुम्ही दोष ईएनजी फाइलला, म्हणजे इंजिनाच्या आकड्यांच्या फाइलीला, द्याल.

भूभाग आणि रूळ

मार्ग बांधायला टीएसआरई हा संपादक वापरा. क्रम असा ठेवा.

एसआरटीएम (अवकाशातून मोजलेली जमिनीची उंची) या माहितीतली एस३४ई१५० ही उंचीची एकच एचजीटी फाइल एमू प्लेन्सपासून लिथगोपर्यंत पुरते. दक्षिण गोलार्धात फाइलीचं नाव नैऋत्य कोपऱ्यावरून असतं, म्हणून अक्षांश ३३.७ असला तरी एस३३ नव्हे, एस३४ घ्यायची. चुकून एस३३ घेतली तर डोंगर कुठेच जुळत नाहीत. ही माहिती ३० मीटरच्या जाळीची आहे, त्यामुळे ब्लू माउंटन्सचे उभे कडे तिच्यात घसरगुंडीसारखे सपाट होतात. जिऑसायन्स ऑस्ट्रेलियाच्या ‘एल्व्हिस’ संकेतस्थळावरून ५ मीटर किंवा त्याहून बारीक माहिती फुकट मिळते. ती एचजीटीत बदलून घेतली तर कडे खूपच खरे येतात. सिम्युलेटरची स्वतःची जाळी ८ मीटरची आहे, तेव्हा १ मीटरच्या माहितीमागे लागून काही हाती येत नाही.

टाइल, म्हणजे सिम्युलेटरमधल्या जमिनीचा एक तुकडा, २,०४८ मीटरची चौरस असते. रुळाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन टाइल तयार करा. लाइन डोंगराच्या माथ्यामाथ्याने जाते आणि जेमिसन दरीसारखी दृश्यं लांबवर दिसतात. एकच टाइल ठेवली तर कटूम्ब्याजवळ जग अचानक संपतं.

त्यानंतर ओपनस्ट्रीटमॅपवरून रुळाची मध्यरेषा केएमएलमध्ये (नकाशावरच्या रेषांच्या फाइलीत) काढा आणि मार्कर (खुणा) म्हणून आणा. मार्कर फक्त दिशा देतात. वळणाची त्रिज्या आणि चढ मात्र जुन्या आकृतीवरूनच टाका. जुन्या आकृतीत त्रिज्या ‘चेन’मध्ये असते, १ चेन म्हणजे २०.११७ मीटर. १२ चेनचं वळण म्हणजे २४१ मीटर. रुळांच्या संचात २५० मीटरचा तयार तुकडा असतो आणि मोह होतो तो वापरायचा. एका वळणाला चालून जातं, पण अशी तीसेक वळणं झाली की लाइन मार्करपासून दरीत सरकते. जिथे तयार तुकडा जुळत नाही तिथे डायनॅमिक ट्रॅक (हव्या त्या त्रिज्येचा आणि लांबीचा रूळ) वापरा.

चढ घालताना १:३३ म्हणजे ३.०३ टक्के, १:६० म्हणजे १.६७ टक्के, १:९० म्हणजे १.११ टक्के. सपाटीवरून ३.०३ टक्क्यांवर एका उडीत जाऊ नका. २० ते २५ मीटरचे तुकडे घेऊन प्रत्येकी ०.३ ते ०.४ टक्क्यांनी वाढवत न्या. एकदम बदल केला तर डबे सांध्यावर वाकलेले दिसतात आणि कपलरवर खोटा ताण येतो. दर पाच किलोमीटरला स्टेशनची खरी उंची आणि तुमच्या रुळाची उंची ताडून पाहा. फरक ३ मीटरच्या आत असेल तर पुढे जा. शेवटी एकदम तपासायला गेलात तर कटूम्बा चाळीस मीटर खाली निघतं आणि कुठे चुकलं ते सापडत नाही.

बांधकाम आणि झाडं याबद्दल एवढंच: कातळ वालुकाश्माचा, पिवळसर-तपकिरी हवा आणि झाडं निलगिरीची, पांढुरक्या खोडांची. सिम्युलेटरबरोबर येणारी सूचिपर्णी झाडं लावली तर मार्ग युरोपचा दिसतो. निलगिरी सदाहरित आहे, म्हणून शरद ऋतूचे पिवळे पोत (टेक्श्चरची चित्रं) बनवायची गरज नाही. जानेवारी हा उन्हाळा, जुलै हिवाळा. दुपारी बारा वाजता सूर्य उत्तरेला दिसतो की नाही ते पाहा. दक्षिणेला दिसला तर अक्षांशाचं चिन्ह चुकलंय.

तारा

मार्गाच्या टीआरके फाइलीत ‘इलेक्ट्रिफाइड’ १ करा, ‘मॅक्सलाइनव्होल्टेज’ १५०० ठेवा आणि तारेची उंची मीटरमध्ये द्या. नमुना फाइलीत २५००० असतं आणि ते बदलायचं हमखास राहून जातं. कॅबमधला व्होल्टमीटर मग काट्याच्या टोकाला जाऊन बसतो. दोन तारांचा पर्याय चालू करून वरच्या तारेचं अंतर सुमारे १ मीटर ठेवलं तर डीसीची जड तार बऱ्यापैकी वाटते.

अडचण अशी की ओपन रेल्स आपोआप सगळ्या रुळांवर एकाच उंचीची तार काढतं. विद्युतीकरण न झालेल्या साइडिंगवरही तार येते आणि बोगद्यात ती छतातून आरपार जाते, कारण खऱ्या जागी बोगद्यात तार खाली उतरते आणि इथे उतरत नाही. व्हॅली हाइट्स ते कटूम्बा एवढ्यापुरतं हे खपून जातं. लिथगोकडे दहा बोगदे आले की आपोआपची तार बंद करून ती स्थिर वस्तू म्हणून खांबांबरोबर बसवणं हाच उपाय. काम कंटाळवाणं आहे, पण एक गाळा नीट बनवला की टीएसआरईत रुळाच्या कडेने ओळीने लावता येतो. खांब वळणावर जवळ आणि सरळ लाइनीवर लांब असतात. सगळीकडे सारखं अंतर ठेवलं तर वळणावर तार रुळाबाहेर जाते आणि पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छपरावरचा सांगाडा) हवेत राहतो.

इंजिनाचा सांगाडा

ब्लेंडरमध्ये मापं मीटरमध्येच ठेवा. शून्य उंची म्हणजे रुळाचा माथा. बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक भागाचं स्केल १ आणि फिरवणी ० आहे याची खात्री करा. हे न केल्यामुळेच बहुतेक वेळा बोगी (इंजिनाखालची चाकांची वळणारी चौकट) भलत्याच कोनात दिसते.

४६ क्लास को-को आहे, म्हणजे तीन-तीन आसांच्या दोन बोग्या. भागांची नावं ठरलेली आहेत: बॉडीला ‘मेन’, बोग्यांना ‘बोगी१’ आणि ‘बोगी२’, चाकांना ‘व्हील्स११’, ‘१२’, ‘१३’ आणि दुसऱ्या बोगीला ‘२१’, ‘२२’, ‘२३’. फाइलीत ही नावं अर्थातच रोमन लिपीत जातात. चाकं बोगीची अपत्यं हवीत, बॉडीची नव्हेत. नाहीतर वळणावर बोगी वळते आणि चाकं सरळ राहतात. चाकाचा केंद्रबिंदू आसाच्या नेमक्या मध्यावर हवा. अर्धा सेंटिमीटरही हलला तर चाक लंगडतं.

पेंटोग्राफ दोन आहेत आणि ते चौकटीच्या आकाराचे, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे भाग वेगळे हलवावे लागतात. वर चढताना खालचा भाग बाहेर आणि वरचा आत फिरतो, सांध्यात फट दिसता कामा नये. बंद आणि पूर्ण उघड्या अशा हालचालीच्या दोनच चौकटी (कीफ्रेम) ठेवल्या तर मधल्या वेळेस फट पडते, म्हणून चार-पाच चौकटी द्या.

पोत २,०४८ बाय २,०४८ चा एकच घ्या. तपकिरी-लाल रंग छायाचित्रांत कधी विटकरी तर कधी चॉकलेटी दिसतो, कारण जुन्या रंगीत फिल्मचा रंग उतरतो. एकाच फोटोवरून रंग उचलू नका. उन्हातला, सावलीतला आणि धुतलेल्या इंजिनाचा असे तीन फोटो शेजारी ठेवून मधला ठरवा. छपरावर ब्रेकच्या लोखंडी धुळीचा आणि पेंटोग्राफच्या काजळीचा थर येतो, तो विसरू नका. ब्रेकची ही धूळ तांबूस असते, काळी नव्हे.

ईएनजी फाइल: खरं काम इथे आहे

मूळ आकडे: वजन सुमारे ११० टन, सगळं चालक आसांवर. सहा मोटरी. सततची शक्ती सुमारे २,५०० किलोवॅट, एका तासाची सुमारे २,८०० किलोवॅट. कमाल वेग ताशी ७० मैल, म्हणजे ११३ किलोमीटर किंवा ३१.३ मीटर प्रति सेकंद.

सुरुवातीची ओढ चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणावरून (पकडीवरून) काढा. ११० × ९.८१ × ०.२५ म्हणजे सुमारे २७० किलोन्यूटन. याहून जास्त लिहू नका. काही तयार फाइलींत ४०० च्या वर आकडे दिसतात, तसं इंजिन कुठल्याही घाटात कुठलीही गाडी ओढतं.

आता डीसीचा गाभा. तारेत १,५०० व्होल्ट आणि सहा मोटरी. सगळ्या एकामागे एक जोडल्या तर प्रत्येकीला २५० व्होल्ट, ही सिरीज. तीन-तीनच्या दोन माळा केल्या तर ५०० व्होल्ट, ही सिरीज-पॅरलल. दोन-दोनच्या तीन माळा केल्या तर ७५० व्होल्ट, ही पॅरलल. मधल्या नॉचवर रेझिस्टन्स लागलेला असतो, तो तापतो, म्हणून तिथे रेंगाळायचं नसतं. ड्रायव्हरला निवांत चालवायला खरे तीनच मुक्काम. सरळ ‘कमाल शक्ती’ आणि ‘कमाल ओढ’ एवढंच लिहिलं तर हे सगळं हरवतं आणि थ्रॉटल स्कूटरच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखा वागतो. म्हणून ‘ओआरटीएसमॅक्सट्रॅक्टिव्हफोर्सकर्व्ह्ज’ हा भाग लिहा. वेग मीटर प्रति सेकंदात, ओढ न्यूटनमध्ये. सुरुवात या आकड्यांनी करा:

थ्रॉटल ०: सर्व वेगांना ०.
थ्रॉटल ०.३३, सिरीज: वेग ० ला २७००००, ३ ला २७००००, ४ ला २०००००, ६ ला ९००००, १० ला ३५०००, ३१ ला ०.
थ्रॉटल ०.६६, सिरीज-पॅरलल: ० ला २७००००, ६.३ ला २७००००, ८ ला २०००००, १२ ला ९५०००, १८ ला ४२०००, ३१ ला १००००.
थ्रॉटल १, पॅरलल आणि फील्ड वीकनिंग (मोटरचं चुंबकीय क्षेत्र कमी करून वेग वाढवणं): ० ला २७००००, ९.३ ला २७००००, १२.५ ला २०००००, १६ ला १५००००, २० ला ११५०००, २५ ला ८००००, ३१.३ ला ४८०००.

फाइलीत आकड्यांमध्ये स्वल्पविराम घालू नका. २,७०,००० असं लिहिलं की वाचन तिथेच बिघडतं आणि डेस्कटॉपवरच्या ओपनरेल्सलॉगमध्ये इशारा येतो.

थ्रॉटलचे नॉच मूळ कंट्रोलरप्रमाणे मोजून टाका आणि ०.३३, ०.६६, १ हे तिन्ही नेमके नॉच असू द्या. मधल्या नॉचना सिम्युलेटर दोन ओळींमधला मध्य काढतं, तो रेझिस्टन्सच्या पायऱ्यांच्या जवळ जातो. ०.६६ च्या ऐवजी ०.७ वर नॉच पडला तर ड्रायव्हर कायम रेझिस्टन्सवर चालतोय असं होईल.

या घर्षणासाठी कर्टियस-क्निफ्लर सूत्राचे मूळ आकडे ७.५, ४४, ०.१६१ आणि ०.७ असतात. त्यानुसार उभ्या इंजिनाचं घर्षण ०.३३ निघतं. ते इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनाला ठीक. नॉच घेताना ओढीत उडी मारणाऱ्या इंजिनाला जास्त आहे. तिसरा आकडा ०.१२ करा. मग उभ्याने ०.२९, आणि ताशी ४५ किलोमीटरला ०.२० च्या किंचित वर येतं. घाईने पॅरललमध्ये गेलात तर ताशी ३० च्या आसपास चाकं फिरतील. तसंच हवं आहे. पर्यायांत प्रगत घर्षण चालू आणि ‘सोपे नियंत्रण’ बंद ठेवल्याशिवाय यातलं काही दिसणार नाही.

चाकाची त्रिज्या वॅगन आणि इंजिन अशा दोन्ही भागांत लिहावी लागते. रेखाचित्रातला व्यास निम्मा करून दोन्हीकडे तोच टाका. एकीकडे जुन्या डिझेल नमुन्याचा आकडा राहिला तर चाकं एका वेगाने फिरतात आणि गाडी दुसऱ्याने धावते. डब्यांना आणि वाघिणींना बेअरिंगचा प्रकारही द्या. १९६५ च्या जुन्या वाघिणी साध्या बेअरिंगच्या धरा, कारण उभी गाडी हलवतानाचा जडपणा त्यातूनच येतो.

उतार

खरी कसोटी उतारावर असते. ४६ क्लासला रिजनरेटिव्ह ब्रेक होता: मोटरी जनित्र बनून वीज तारेत परत पाठवतात. ओपन रेल्समध्ये तो डायनॅमिक ब्रेक म्हणून लिहा. प्रत्येक इंजिनाला १३० किलोन्यूटनच्या आसपास सुरुवात करा. कमी वेगाला तो मावळला पाहिजे, ताशी २० किलोमीटरच्या खाली शून्याकडे न्या.

हिशेब करून पाहा. १,००० टनांची भरलेली गाडी आणि दोन इंजिनं मिळून १,२२० टन. १:३३ वर दर टनाला खाली ओढणारं बल ०.२९७ किलोन्यूटन, त्यातून गाडीच्या चालतानाच्या रोधाचे ०.०२ वजा. गाडी एका वेगात रोखायला सुमारे ३४० किलोन्यूटन लागतात. दोन इंजिनं २६० देतात, उरलेले ८० हवेच्या ब्रेकने द्यायचे. हवेचा ब्रेक लावून सोडून पुन्हा लावत राहिलं की सहायक टाक्या भरायला वेळ मिळत नाही आणि गाडी हातातून जाते. म्हणूनच न्यू साउथ वेल्सच्या वाघिणींना ग्रेड कंट्रोल व्हॉल्व्ह असायचे, उताराआधी ते हाताने फिरवले जात आणि ब्रेक सुटताना सिलिंडरमधली थोडी हवा राखली जाई. ओपन रेल्समध्ये यासाठी वाघिणीच्या ब्रेक सामग्रीत तीन किंवा चार स्थितींचा रिटेनर (हवा राखणारी झडप) लिहा. खेळताना शिफ्ट आणि चौकटी कंस दाबून तो लावता येतो. ब्रेक पाइपचा दाब सुमारे ५०० किलोपास्कल, म्हणजे ७० पीएसआयच्या आसपास. अमेरिकी नमुना फाइलींत ९० पीएसआय असतो. तो तसाच राहिला तर ब्रेक जरुरीपेक्षा जोरात लागतात.

आवाज

आवाजासाठी तीन थर पुरतात: मोटरींना थंड ठेवणाऱ्या ब्लोअरचा सततचा घोंघाट, वेगाबरोबर चढणारा गिअरचा सूर आणि प्रत्येक नॉचला काँटॅक्टरचा (विजेच्या जोडण्या बदलणाऱ्या स्विचचा) खटका. ब्लोअरला वेगाशी बांधू नका, उभ्या इंजिनातही तो चालू असतो. खटका नॉच बदलण्याच्या घटनेला जोडा. एवढ्याने कॅब जिवंत होते. काँप्रेसर वेगळा ठेवा आणि दाब पडला की सुरू होऊ द्या.

चाचणी

पहिली चाचणी चढणीची. मागे ५०० टन, एक इंजिन, कोरडी हवा, सलग १:३३ चा तुकडा. एकूण ६१० टन, दर टनाला चढणीचे ०.२९७ आणि रोधाचे ०.०३, म्हणजे साधारण २०० किलोन्यूटन. पूर्ण पॅरललमध्ये गाडी ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास स्थिर झाली पाहिजे. एफ५ दाबून बलांचं पान उघडा आणि ओढ वाचा. एफ४ च्या ट्रॅक मॉनिटरवर चढ दिसतो. ताशी ६० ला स्थिर झाली तर वक्र फुगलेला आहे किंवा चढ कमी पडलाय. आधी चढ तपासा, बहुधा चूक तिथेच असते.

दुसरी चाचणी: त्याच जागी गाडी थांबवून पुन्हा उठवा. साध्या बेअरिंगच्या वाघिणींसह सुमारे २३० किलोन्यूटन लागतील, तुमच्याकडे २७० आहेत. गाडी हळूहळू, पण नक्की हलली पाहिजे. मग हवामान पावसाळी करून तेच करा. आता चाकं घसरली पाहिजेत आणि वाळू मारल्याशिवाय गाडी उठता कामा नये. पावसातही सहज उठली तर प्रगत घर्षण बंद आहे.

तिसरी, कटूम्बा ते व्हॅली हाइट्स भरलेली कोळशाची गाडी, रिटेनर लावून. वेग ठरलेल्या मर्यादेत राखत खाली पोचता आलं आणि ब्रेक पाइपचा दाब वाटेत पूर्ण परत चढत राहिला तर ब्रेकचे आकडे बरोबर आहेत.

डोंगर नको असेल तर

व्हिक्टोरियाचं एल क्लास हा चांगला पर्याय आहे: इंग्लिश इलेक्ट्रिकची २५ इंजिनं, १९५३-५४, को-को, २,४०० अश्वशक्ती, तेही १,५०० व्होल्ट डीसी. गिप्सलँड मार्गावर विद्युतीकरण १९५६ मध्ये ट्रॅराल्गनपर्यंत गेलं आणि ही इंजिनं १९८७ मध्ये निवृत्त झाली. मार्ग सौम्य आहे, त्यामुळे रूळ टाकणं झपाट्याने होतं. कटकट गेजची: तिथे १,६०० मिलिमीटर आणि बहुतेक रुळांचे संच १,४३५ चे. भारतीय मार्गांसाठी बनवलेले १,६७६ चे रूळ कुणी देत असेल तर ७६ मिलिमीटरचा फरक डोळ्याला जाणवत नाही. चाकं मात्र त्या रुळाच्या मापाने बसवा, नाहीतर ती रुळाच्या आत तरंगतात. ओढीचे वक्र वरच्याच पद्धतीने काढायचे, फक्त शक्ती सुमारे १,८०० किलोवॅट आणि वजन ९७ टन धरून.

वाटण्यापूर्वी

इंजिन वाटण्यासाठी बांधताना ट्रेनसेट (इंजिन-डबे), कन्सिस्ट (गाडीची जुळणी) आणि साउंड (आवाज) वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवा आणि कोऱ्या संगणकावर एकदा बसवून पाहा. तुमच्या मशीनवर आधीपासून असलेला एखादा पोत किंवा कॅब दुसऱ्याकडे नसतो, आणि गाडी पांढरी दिसते. ओपन रेल्सचे वेगळे आकडे ‘ओपनरेल्स’ नावाच्या उपफोल्डरातल्या ईएनजीत ‘इन्क्लूड’ वापरून लिहिले तर मूळ फाइल शाबूत राहते आणि पुढची दुरुस्ती सोपी जाते. दुसऱ्याचा कॅब, डबे किंवा आवाज घेतले असतील तर आधी लेखी परवानगी घ्या आणि वाचा-फाइलीत (रीडमीत) त्या कलाकाराचं श्रेय लिहा. त्याच फाइलीत मार्गाचं वर्ष, टीआरकेतला व्होल्टेज आणि चाचणीतल्या वजनाचे आकडेही द्या, म्हणजे दुसरा कुणी लिथगोपर्यंतचा पुढचा तुकडा जोडायला बसला तर त्याला शून्यापासून मोजावं लागणार नाही.